रांगेतल्या बाईंचा माईक

बाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी त्यांना शिव्या घातल्या होत्या. टेलिफोन कंपनीकडे तक्रार करायला फोन लावला की 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' असं जी बाई गोड आवाजात सांगते, ती हीच. एका गृहस्थाने म्हणे फोन लावला तेव्हा त्याचा मुलगा शाळेत जात होता, आणि पलीकडून उचलला गेला तेव्हा नातू जात होता. तक्रार काय होती ते तो विसरला होता, पण बाईंचा आवाज त्याला झोपेतही पाठ होता.

बाईंना या शिव्यांचं काही वाटत नसे. तीस वर्षं त्या एकाच स्टुडिओत, एकाच खुर्चीत बसून, तोंडासमोरच्या काळ्या फोमच्या टोपीत बोलत आल्या होत्या. टोपीच्या आत माईक कोणता आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. तीस वर्षं ज्याच्या तोंडाला तोंड दिलं त्याचं नावगाव ठाऊक नाही, असा संसार बाईंनी एकट्यांनीच केला असेल.

मग स्टुडिओ बंद झाला. रेकॉर्डिंगवाले काका सामानसुमान विकून लेकीकडे राहायला गेले, आणि त्याच महिन्यात कंपनीने नवी नऊ वाक्यं पाठवली. ती घरूनच रेकॉर्ड करून पाठवा, म्हणाले, पण जुन्या आवाजाशी जुळली पाहिजेत. नमुना शुक्रवारी दुपारच्या आत हवा. नाही जुळला तर सगळीच वाक्यं नव्या आवाजात करून घेऊ. तो नवा आवाजही त्यांनी सोबत ऐकायला पाठवला होता. नुकत्याच धुतलेल्या काकडीसारखा ताजा, करकरीत आवाज. बाईंनी तो एकदा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला. जाहिराती केव्हाच तरुण पोरींकडे गेल्या होत्या. राहिली होती ती ही रांग. तीही गेली की बाईंकडे आवाज उरणार होता, पण तो लावायचा कुठे हा प्रश्न होता.

त्यांनी काकांना फोन केला आणि स्टुडिओत माईक कोणता होता ते विचारलं. काका जरा घुटमळले. मग म्हणाले की पहिला एक होता, तो सात वर्षांत गेला. मग दुसरा आणला. पुढे आणखी दोनदा बदलला. बाईंचं मन विचलित होऊ नये म्हणून टोपी तेवढी तीच ठेवली.

"मग मी इतकी वर्षं बोलत कशावर होते?" बाईंनी विचारलं.

"टोपीवर," काका म्हणाले.

तेव्हा बाई माईकवाल्याच्या दुकानात गेल्या. माईकवाला हा असा माणूस, की त्याच्याकडे स्क्रू विकत घ्यायला गेलात तरी तो त्या स्क्रूचा स्वभाव सांगायचा. त्याने तीन माईक शुक्रवारपर्यंत वापरून बघायला दिले. एक मोठा, चांदीसारखा चकचकीत. हा इतका तीक्ष्ण आहे, तो म्हणाला, की मुंगीनं जाता जाता विचार बदलला तरी यात ऐकू येईल. दुसरा लांबट, काळा, शहाण्या माणसासारखा गप्प. तिसरा ठोकळ्यासारखा बुटका, एका बाजूला चेपलेला. त्याच्याबद्दल माईकवाला काहीच बोलला नाही, यावरूनच बाईंनी त्याची किंमत ओळखली.

घरी बाई आणि त्यांच्या नणंदबाई, दोघीच. नणंद वयाने दोन वर्षांनी लहान, पण बाई त्यांना पहिल्या दिवसापासून 'वन्सं' आणि 'अहो' म्हणत, आणि त्या बाईंना 'वहिनी' आणि 'अगं'. बाईंचे यजमान गेल्यावरही हा हिशेब कोणी बदलला नव्हता. वन्संनी चौतीस वर्षं रुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली होती. त्यांच्या बोलण्याने पेशंट एक तर बरा होई, नाही तर दुसऱ्या वॉर्डात बदली मागे.

दोघींनी मिळून आतल्या खोलीचा स्टुडिओ केला. कपाटाची दारं उघडी टाकून त्यांच्यावर दुलया टांगल्या, खिडकीला गादी लावली. चांदीवाला माईक सुरू केला तर त्यात फ्रीज ऐकू आला. फ्रीज बंद केला तर वरच्या मजल्यावरचं घड्याळ. शेवटी वन्सं खुर्चीत जरा सरकल्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे आळीपाळीने ऐकू आले.

माईक निवडायची या धंद्यातली रीत साधी आहे. बोलणाऱ्याने निवडायचा नाही. आपला आवाज आपल्याला डोक्याच्या आतून ऐकू येतो, तो कायम चांगलाच वाटतो. ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचं, कोणता माईक चालू आहे ते त्याला सांगायचं नाही, आणि त्याने फक्त कानांवर कौल द्यायचा. म्हणून वन्सं हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसल्या. बाई मागे माईक बदलत राहिल्या आणि तेच वाक्य म्हणत राहिल्या. बुधवारचा दिवस त्यात गेला. गुरुवारची सकाळही गेली. बाईंचा घसा लाकडासारखा झाला, पाठ धरली, आणि 'प्रतीक्षा' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की त्याला अर्थ राहिला नाही.

पण एक गोष्ट बाईंना चमत्कारिक वाटली. वन्सं पाठमोऱ्या बसून दर वेळी बरोबर ओळखत होत्या. हा चांदीवाला, हा लांबटा, हा ठोकळा. एकदाही चूक नाही. तुमचे कान म्हणजे कमाल आहेत, असं बाई म्हणाल्या तेव्हा वन्संनी हेडफोन काढला आणि खुर्ची फिरवली.

"कान कसले? तूच सांगतेस की मला. चांदीवाल्यापुढे तू पाहुणे आल्यासारखी बोलतेस. लांबट्यापुढे बँकेतल्या साहेबाशी बोलल्यासारखी. आणि त्या ठोकळ्यापुढे माझ्याशी बोलतेस तशी."

"तुमच्याशी कशी बोलते मी?"

"अंगात त्राण नसल्यासारखी."

दीड दिवस बाई माईक नव्हे, आपलेच तीन मुखवटे तपासत होत्या. ऐकणाऱ्याची पाठ फिरवायची रीत ज्याने कोणी घातली, त्याने बोलणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला नव्हता. शुक्रवार उद्यावर आला होता, आणि हाती काही नव्हतं.

वन्संनी मग कपाटातून बँडेजचा गुंडाळा काढला आणि बाईंचे डोळे बांधले. चौतीस वर्षांचा हात, गाठ सुटायची सोय नाही. आता माईक वन्संनीच बदलायचे आणि बाईंनी नुसतं बोलायचं. पहिली आठ-दहा वाक्यं बाई चाचपडत बोलल्या. समोर कोण आहे तेच कळेना, तर रुबाब करायचा कोणासाठी? पुढे पुढे रुबाब गळून पडला. गोडवाही गेला. राहिलं ते अठ्ठावन्न वर्षांचं, चहा थंड झाल्यावर उरतं तसं काहीतरी. बाईंनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. खरं म्हणजे प्रयत्न करायला शक्तीच नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत वन्संनी बँडेज सोडलं आणि समोरचा माईक दाखवला. ठोकळा होता.

"त्या दोन्हींत वाक्याच्या आधी तुझी छाती घरघरते," वन्सं म्हणाल्या. "मला छाती ऐकायची सवय आहे, त्या फोनवाल्यांना नाही. यात नुसतं वाक्य येतं."

"आवाज थकलाय ना पण?"

"थकलाय. लपवायला गेलीस की जास्त थकलेला वाटतो."

हे कौतुक होतं की टोमणा, ते बाईंनी विचारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या सहवासात विचारून कधी कळलं नव्हतं. शुक्रवारी अकरा वाजता त्यांनी नऊ वाक्यं पाठवून दिली आणि फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

पाऊण वाजता कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. साहेबांनी आधी स्पष्टच सांगितलं, की जुन्या आवाजाशी हा आवाज अजिबात जुळत नाही. बाई 'बरं' म्हणाल्या. पण साहेबांचं संपलं नव्हतं. तक्रार विभागातल्या मुलींनी दोन्ही नमुने ऐकले, म्हणाले. त्या मुली दिवसभर लोकांचा राग कानात घेतात. काकडीच्या आवाजावर त्यांचं म्हणणं असं, की हिला कधी ताटकळावं लागलेलं नाही, हिचं ऐकून लोक आणखी भडकतील. बाईंच्या आवाजावर त्यांतली एक जण एवढंच म्हणाली, हीसुद्धा सकाळपासून रांगेत उभी असावी. तर आता असं ठरलंय, की हाच आवाज धरायचा. आणि जुन्या वाक्यांशी तो जुळत नसल्याने जुनीच सगळी वाक्यं या आवाजात पुन्हा करायची. अकराशे चाळीस वाक्यं, आणि एक ते नऊशे नव्व्याण्णव आकडे वेगळे.

बाईंनी फोन खाली ठेवला. वन्सं दारात उभ्या होत्या.

"गेलं का काम?"

"नाही. राहिलं."

"मग तोंड असं का झालंय?"

"सगळंच राहिलं," बाई म्हणाल्या आणि आकडा सांगितला.

वन्संनी मनात हिशेब केला असावा, कारण त्या आत जाऊन चहा टाकायला लागल्या. दिवसाला वीसच वाक्यं होतील, त्याहून एक जास्त होणार नाही, असं साहेबांना कळवायला त्यांनी आतूनच बजावलं, आणि बाईंनी तसं लगेच कळवलं. काम सोमवारपासून. तोवर बाईंनी तोंड उघडायचं नाही, असा वॉर्डातला नियम वन्संनी घरात लागू केला.

तासाभराने माईकवाला उरलेले दोन माईक न्यायला आला. कोणता ठेवताय, का ठेवताय, चांदीवाल्यात काय कमी पडलं, असं त्याने खोदून खोदून विचारलं. बाईंनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. माईकवाल्याला वाटलं त्या विचार करताहेत, म्हणून तो अदबीने पाच मिनिटं उभा राहिला. मग चांदीवाला आणि लांबटा काखोटीला मारून पाय न वाजवता निघून गेला.

तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगतो, की खऱ्या जाणकाराला माईकपुढे एक शब्दही बोलावा लागत नाही, त्याने तसली एक बाई डोळ्यांनी पाहिली आहे. बाई तेव्हा खुर्चीतच झोपल्या होत्या, हे वन्संनी त्याला सांगितलं नाही.