लाल शालीतली पाठ

‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी माझ्या पायाशी ठेवली आहे. मला हसू येतं. आयुष्यभर ज्याला चिखलात आणि शेवाळलेल्या दगडांवर रोवलं, त्याला आता हात लावायचा नाही म्हणे. मी एक ट्रायपॉड, कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड. या दोन दालनांत ज्यांचे फोटो लागलेत, त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरचा मी जुना सोबती. त्यांच्या लेकीनं मला धुऊनपुसून या कोपऱ्यात उभं केलं.

साहेबांनी मला दुकानातून घरी आणलं तेव्हा त्यांचं नवं लग्न झालेलं. लगेच कामाची वाटणीही होऊन गेली. कॅमेरा साहेबांच्या गळ्यात आणि मी बाईंच्या खांद्यावर. मी काही हलका नव्हे. चढ आला की बाई मला म्हणायच्या, “तू तरी चाल की बाबा, तुला तर तीन पाय आहेत.”

साहेबांचं काम दोन तऱ्हेचं. एक माणसांचं. खाणीतून वर आलेला माणूस टोपी काढून कपाळ पुसेल आणि एकदा समोर बघेल, म्हणून ते प्राण डोळ्यांत आणून वाट बघत. बंदरावरच्या हमालासाठी, भट्टीवरच्या बाईसाठी त्यांच्याकडे वेळच वेळ होता. बाहेरच्या दालनातले ते सगळे चेहरे तुम्ही पाहिलेच असतील.

दुसरं काम डोंगरदऱ्यांचं. नुसता डोंगर काढला तर तो केवढा ते कळत नाही, त्याच्या पायथ्याशी कुणीतरी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे बाई. “अगं, त्या झाडापाशी जा. पाठ कर. चेहरा आला की लोक डोंगर बघत नाहीत.” लांबून उठून दिसावी म्हणून लाल शाल पांघरून बाई निमूट चालू लागायच्या. बराच वेळ गेला की तिकडून आवाज यायचा, “झालं का हो?” त्या वळेपर्यंत साहेबांनी कॅमेरा मिटलेला असायचा.

थंडीत माझा धातूचा पाय साहेबांच्या बोटांना चावायचा, म्हणून बाईंनी त्याच शालीचा काठ फाडून माझ्या पायाला गुंडाळला. तो अजून आहे.

एका तळ्याकाठची संध्याकाळ मात्र मला फार छळते. बाई उभं राहून कंटाळल्या आणि चालत परत आल्या. वाऱ्यानं केस सुटलेले, शाल एका खांद्यावरून लोंबतेय आणि कशाला कोण जाणे, हसत होत्या. थेट कॅमेऱ्यासमोर येऊन थांबल्या.

“अहो, आज माझा एक काढा ना. समोरून.”

साहेबांचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. बाई त्यांना अगदी स्वच्छ दिसत होत्या.

“रोलमध्ये एकच उरलाय गं. तो ढग चाललाय बघ, बाजूला हो. तुझा काय, घरी कधीही काढीन.”

बाई बाजूला झाल्या आणि माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ढगाचा फोटो सुरेख आला, आतल्या दालनात पहिलाच आहे. घरी मात्र कॅमेरा कपाटात जायचा आणि मी पलंगाखाली. कुठला फोटो आणि कुठलं काय.

मग बाई गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले तर फोटोग्राफरच्या घरात बायकोचा फोटो नाही. शेवटी ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करून आणला. दुकानात कुणीतरी घाईघाईनं काढलेला तो फोटो. त्यात बाई घाबरल्यासारख्या दिसतात. साहेब त्या भिंतीकडे तोंड करून जेवायला बसत नाहीत.

प्रदर्शनाचं ठरलं तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, आईचा एक तरी चेहरा लावायचा हं.” दोघं निगेटिव्ह उजेडाला धरून बसले. डोळ्यांत तेल घालून शोधलं. कुठे शाल सापडली, कुठे कोपर, कुठे मानेवरचा अंबाडा. चेहरा नाहीच सापडला.

उद्‌घाटनाला लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. एक आजी मात्र एकेक फोटो निरखत साहेबांपाशी आल्या. “ही लाल शालवाली सगळीकडे आहे की. कोण हो ही?”

“ती होय? डोंगर केवढा ते कळावं म्हणून,” साहेब सवयीनं बोलून गेले.

“माझी आई आहे,” लेक म्हणाली.

“असं होय. मग चेहरा कुठंय तिचा?”

साहेबांनी माझ्यावर हात टेकला. पाटीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

काल लोक गेल्यावर त्यांनी मला सगळ्यांत मोठ्या डोंगराच्या फोटोपुढे नेलं, वर कॅमेरा बसवला आणि लेकीला म्हणाले, “तू काढ.” स्वतः जाऊन फोटोशेजारी उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

“बाबा, इकडे बघा ना.”

“नको. तिला एकटीलाच उभं केलं इतकी वर्षं. आज मी थांबतो तिच्याजवळ.”

लेकीनं खटका दाबला नाही. ती वाट बघत राहिली. साहेबांचे पाय दुखून आले असावेत. अखेर ते वळले आणि म्हणाले, “झालं का गं?”

तेव्हा तिनं खटका दाबला. साहेबांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा पुरता समोर होता. बाईंचा असा एक तरी असता, हे मला राहून राहून वाटतं.

आज प्रदर्शन उठेल. आता मी लेकीच्या खांद्यावरून जाणार, पलंगाखाली नाही. तुम्हीही निघालात वाटतं. जाता जाता एवढं ऐका. घरात कुणी तुम्हाला म्हणालं, ‘माझा एक काढा ना, समोरून,’ तर तेव्हाच काढा. ढग गेला तर जाऊ दे.