पहिलं आळं

नागावच्या आमच्या वाडीत माडांना पाणी सोडायचं काम पंप करतो. त्याला हुकूम द्यायची छोटीशी भाषा यशोधननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, रचली आणि जहाजावर जाताना माझ्या गळ्यात टाकली. तिच्यातलं लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायची आज्ञा, नको तितकं लांबलचक होतं: कुठून सुरू, कुठे थांब, कितीनं पुढे सरक. शेजारच्या वाडीवाल्यांना ते शिकवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. पसारा मला खपत नाही. मंगळवारी मी त्यातल्या सगळ्या अटी काढल्या आणि एकच ओळ ठेवली: प्रत्येक आळ्याला पाणी. आमचं लूप तर एकऐवजी दोनपासून सुरू होत होतं. नवऱ्याची चूक सापडल्याचा आनंद काही औरच.

बुधवारपासून मामंजींचं काहीतरी बिनसलं. सकाळी ते वाडीतून भरलेली कळशी तशीच परत आणायचे आणि पायरीवर बसून विचारायचे, "मैथिली, मी पाणी घातलं का गो?"

मला इथे येऊन दोनच महिने झालेले. कळशी तुळशीची असावी असं समजून मी म्हणायची, राहिलं असेल. ते म्हणायचे, पण ओलं आहे. तुळस तर कोरडी ठणठणीत. मला काही उमगेना, त्यांना त्याहून नाही. शनिवारी ते विहिरीच्या कठड्यावर खडूनं कळशीमागे एक अशा रेघा मारताना दिसले, आणि मी घाबरले. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली.

रविवारी सकाळीच यशोधनचा फोन आला. मी आधी डॉक्टरांचं सांगितलं, मग लूपची बढाई मारली.

"दोनपासून का, ते विचारायचंस तरी," तो म्हणाला. "पहिला माड आईनं लावलेला. ती गेल्यापासून त्याला बाबा स्वतःच्या हातानं पाणी घालतात."

मी वाडीत धावले. मामंजी पहिल्या आळ्यापाशी उकिडवे बसून ओल्या मातीत बोटं खुपसून बघत होते. शेजारी भरलेली कळशी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: पाणी पंपानं घातलं, चूक माझी, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. आता त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं.

"म्हणजे मी घातलंच नाही," ते म्हणाले. "पाच दिवस तिला माझं पाणी नाही."

त्यांनी कळशी त्या ओल्या आळ्यात रिकामी केली आणि उरलेल्या चार भरून आणायला विहिरीकडे निघाले.