बाहुलीच्या फ्रॉकवरचं फूल

आजीला जाऊन वर्ष झालं, म्हणून रविवारी लाँड्री बंद ठेवून सगळ्यांनी दुकानातच जमायचं ठरलं. ठरवलं आत्यानं. खुर्च्या मांडल्या मी, चहा केला मी, कपड्यांचे गठ्ठे उचलून मागच्या खोलीत नेले मी, आणि कौतुक कुणाचं? बाहुलीचं. बाहुली म्हणजे आत्याची मुलगी. चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी आमच्या घरात ती बाहुलीच.

प्रत्येकानं आजीची एकेक वस्तू आणायची, असा आत्याचा हुकूम होता. बाहुलीनं पिशवीतून एक चिमुकला फ्रॉक काढला, कॉलर उलटी केली आणि आतलं फूल सगळ्यांना दाखवलं. पिवळ्या रेशमी दोऱ्याचं, नखाएवढं. "अगं बाई, किती गोड!" आत्या म्हणाली. बाहुलीच्या भावानंही लगेच स्वतःचा लहानपणीचा शर्ट काढला. त्याचं फूल निळं. मग डोळे पुसायला सुरुवात झाली. माझे डोळे कोरडे ठाक. माझ्या मेलीच्या पोटात दुखत होतं.

सांगूनच टाकते. या फुलांवर मी लहानपणापासून जळते.

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असं आमचं घर. आजी, आईबाबा आणि मी. आत्याची मुलं सुट्टीला यायची. ती आली की आजीच्या अंगात वारं शिरायचं. जेवायच्या वेळेला शटर खाली. बाहेर गिऱ्हाईक हाका मारून दमलं, तरी आजी उठायची नाही. "कपड्यांना भूक लागत नाही, पोरांना लागते," म्हणायची आणि सगळ्यांना एका ओळीत बसवून वाढायची. कुणी रुसलं की तिचाही घास हातात थांबायचा. तिचं सगळं जग त्या एका ओळीत होतं.

आणि मुलं आली की त्याच संध्याकाळी आजी त्यांच्या पिशव्या घेऊन बसायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कॉलरच्या आत काळ्या दोऱ्याचे नुसते दोन टाके असायचे, गठ्ठा कुणाचा ते कळायला. या दोघांच्या कपड्यांना मात्र फुलं! तेही कसं, तर आजीला जवळचं दिसायचं नाही, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायला मी. दोरा माझ्या थुंकीनं ओला करायचा आणि फूल उमलायचं बाहुलीच्या मानेवर.

"मलाही काढ ना गं. लाल," मी एकदा म्हटलं.

"तुला कशाला, ठिणगे?" आजी हसली. माझ्या तापट डोक्यामुळे ती मला ठिणगी म्हणायची.

तुला कशाला! पुन्हा मागितलं असतं तर नाव बदललं असतं माझं. पण ते लागलं मनाला. पुढे दुकान मी सांभाळलं, शेवटी आजीचं अंथरूण-पांघरूणही मीच केलं. ती गेल्यावर कपाटातली एकूण एक कॉलर उलटून पाहिली. कुठंतरी, चुकून तरी, माझ्यासाठी एक फूल निघावं, एवढंच हवं होतं मला. नाही निघालं. सुट्टीपुरत्या येणाऱ्या नातीला बाग आणि राबणाऱ्या नातीला ठेंगा. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

चहाला सगळे मागच्या खोलीत गेले. बाहुली फ्रॉक कुरवाळत दुकानातच बसून राहिली.

"आण इकडे. चुरगळलाय," मी म्हटलं. राग असला तरी चुरगळलेला कपडा मला बघवत नाही. इस्त्री तापेपर्यंत कॉलर उलटी केली आणि हात थांबला. फुलाभोवती सुईची जुनी भोकं होती. खूप. एकाच जागी पुन्हा पुन्हा शिवलं की पडतात तशी.

"हे गं काय?"

"मी उसवायचे ते," बाहुली म्हणाली.

"उसवायचीस? एवढं सुंदर फूल?"

"सुंदर काय डोंबल! जायच्या आदल्या दिवशी आजी वाळलेले कपडे निवडायला बसायची. फूल असेल तो आमच्या पिशवीत, नसेल तो तुमच्या कपाटात. मला वाटायचं, फूल काढलं तर फ्रॉक इथंच राहील. फ्रॉक राहिला तर मलाही ठेवून घेतील. मी उसवायचे आणि आजी मुकाट्यानं परत शिवायची. आणि तू शेजारी बसून दोरा ओवून द्यायचीस! असा संताप यायचा तुझा."

"माझा?"

"मग कुणाचा? आम्हाला सुट्टीपुरती आजी आणि तुला रोज. तुझ्या एका तरी कपड्याला खूण होती का कधी? जळायचे मी तुझ्यावर. अजूनही जळते."

मी पुन्हा त्या कॉलरकडे पाहिलं. खूण करतात ती परत जाणाऱ्या कपड्याला. इतकी वर्षं काउंटरवर बसून हेच तर करत आले मी. घरच्या कपड्याला कोण खूण करतंय? तो कुठं जायचाय? काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुला कशाला, असं आजी हसून म्हणाली होती. ते हसूच मी विसरले होते.

रडू यायला लागलं की मी चिडते. "मग उसव की आता!" मी ओरडलेच. टेबलावरची कात्री तिच्यापुढे आपटली. "घे, उसव!"

बाहुलीनं कात्री उचलली. टोक पिवळ्या दोऱ्याखाली घातलं आणि तशीच थांबली.

"आता उसवलं तर परत कोण शिवणार गं?" ती म्हणाली.

मग मात्र दोघींचाही बांध फुटला. आतून आत्या ओरडली, "अगं, इस्त्री जळतेय का कुणाची?" आम्ही रडता रडता हसलो.

मी फ्रॉकला नीट इस्त्री केली, घडी घातली आणि माझ्या कपाटात, माझ्या कपड्यांवर ठेवली.

"खूण आहे त्याला," बाहुली नाक पुसत म्हणाली.

"असू दे. तो आता कुठंही जायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर कॉलर जरा उलटली होती आणि माझ्या बिनखुणेच्या कपड्यांवर ते पिवळं फूल दिसत होतं. सगळं कळलंय मला, पटलंयही. तरी पोटात दुखलंच. एक तरी काढायचंस गं, आजी. एवढंसं, लाल.