वगळलेल्या तीन प्लेटी

"या तीन प्लेटी वगळा," सर कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले. "सगळा आलेख बिघडतोय."

"सर, तिन्हींत पेशी परत वाढल्यात. मी दोनदा मोजलंय."

"मोजण्यातच चूक असेल."

अठरा वर्षं बाई या प्रयोगशाळेत त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होत्या. त्यांच्या मोजण्यात चूक नसते, हे सरांनाही ठाऊक होतं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारं एन्झाइम औषधानं अडवलं, की वाढीची जनुकं गप्प बसत. त्या तीन प्लेटींत मात्र सातव्या आठवड्यात दुसरीच जनुकं जागी झाली होती आणि पेशींनी पुन्हा हातपाय पसरले होते. पण नोकरी कंत्राटी. बाईंनी प्लेटी वगळल्या. लेख छापून आला.

दोन वर्षांनी तेच औषध त्यांच्या दादाला सुरू झालं. दादा बस चालवायचा. पाठीवरचा तीळ चिघळून काखेत गाठी आल्या होत्या. महिन्याभरात त्या विरल्या आणि दादा शिट्टी वाजवत जिने चढू लागला.

"वन्सं, डॉक्टरांनी तुमचाच लेख दाखवला," वहिनी म्हणाली. "आता सहा महिन्यांनी तपासलं तरी चालेल म्हणे."

"दर महिन्याला तपासू या."

"कशाला जिवाला घोर, चिमे?" दादा हसला. "छापून आलंय ना. खाली आभारात तुझं नावही आहे."

का ते सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. बाईंनी हट्ट सोडला.

पाचव्या महिन्यात गाठी परत आल्या. सातव्यात दादा गेला.

बाईंनी सरांसमोर जाऊन त्या तीन प्लेटींची आठवण काढली. सरांनी चष्मा पुसला. "तेव्हा तुम्ही जोर धरायला हवा होता," ते म्हणाले.

संध्याकाळी त्या दादाच्या घरी गेल्या. वहिनी त्याचे गणवेशाचे सदरे डेपोत परत करण्यासाठी काढत होती.

"वहिनी, औषध चालू असतानाही दुखणं उलटू शकतं, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

वहिनीचे हात थांबले. "तुम्हाला माहीत होतं, हे यांना कळलं होतं?"

"नाही."

"बरं झालं," वहिनी म्हणाली आणि सदऱ्याची घडी घालू लागली. बाईंनी एक बाही धरली. वहिनीनं ती हळूच त्यांच्या हातातून सोडवून घेतली.