बारकूची गोळी

हरसूलची एसटी घाटात रेंगाळली तसा सलाउद्दीन उठून उभा राहिला. बसायला जागा होती, पण जिवाला थारा नव्हता. बारकू भोये जामिनावर सुटून तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

तुरुंगात एकाच सुईने दहाजणांनी हातावर गोंदून घेतलं, त्यातून बारकूला हिपॅटायटिस सी लागला. बारा आठवडे रोज एक गोळी. नऊ आठवडे झाले आणि जामीन झाला. उरलेल्या गोळ्यांची बाटली सलाउद्दीनने तुरुंगाच्या फाटकापाशीच त्याच्या हातात ठेवली होती. सुटलेल्या कैद्यांचे उपचार पुरे करून घ्यायचे, हेच सलाउद्दीनचं काम. तो स्वतः सात वर्षांपूर्वी तुरुंगातून याच आजारासकट सुटलेला आणि बरा झालेला, म्हणून कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला नेमलं होतं. बारकू दारूला लागला असेल, पळाला असेल, नाही नाही ते मनात येत होतं.

बारकू मात्र आंघोळ करून, हात बांधून, स्वतःच्याच उंबऱ्यात बसला होता.

"फोन?"

"हितं रेंज नाय, भाई."

"आणि गोळ्या?"

"हिच्या पेटीत हायेत. घेतल्या नाय. कोनी पुकारलंच नाय."

शिवी सलाउद्दीनच्या ओठांवर आली होती, ती त्याने गिळली. तुरुंगात सगळंच पुकाऱ्यावर. बापाच्या नावासकट नाव येणार, हाजर म्हणायचं, गोळी गिळायची, जीभ उचलून दाखवायची. न पुकारता गोळी जवळ सापडली तर पाठ सोलून निघायची. सलाउद्दीन सुटला तेव्हा त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. वर्षभर तो आरशापुढे उभा राहून स्वतःचंच नाव पुकारायचा. ही गोष्ट त्याने संस्थेत कोणाला सांगितली नव्हती.

बारकूची बायको चतुराबाई दाराआड येऊन उभी राहिली. "सकाळधरनं असंच बसत्यात. जेवा म्हनलं का जेवत्यात. मला वाटलं, आता गोळ्या लागत नसतील."

"वहिनी, रोज सकाळी तुम्ही पुकारायचं. पुरं नाव घेऊन."

"मी?" तिने पदर पुढे ओढला. "एकोनीस वर्सं झाली लग्नाला. बाजारात चुकामूक झाली तरी लेकीच्या नावानं हाक मारते मी. धन्याचं नाव घेतलं का त्याचं आविष्य घटतं, भाऊ."

"इथं न घेतल्यानं घटतंय. अजून खंड पडला तर डॉक्टर सगळं पहिल्यापासून करायला लावतील. तोवर लिव्हर टिकायचं नाही."

मग पेटी उघडून तिने एक गोळी हातावर घेतली, तांब्या भरला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सलाउद्दीनने पाठ फिरवली.

"बारकू सोमा भोये."

"हाजर."

बारकू ताडकन उठला. खाली मान, हात पाठीमागे. गोळी गिळली आणि तोंड उघडून जीभ वर उचलली, तसाच उभा राहिला. काय करायचं ते चतुराबाईला कळेना.

"आत बघा, वहिनी," सलाउद्दीन पाठमोराच म्हणाला. "बघितल्याशिवाय तो तोंड मिटणार नाही."

तिने नवऱ्याची हनुवटी धरली, आत नीट पाहिलं, आणि आपल्या हाताने त्याचं तोंड मिटलं.