फिबीने लावलेलं लग्न

यतिनच्या लग्नासाठी म्हणून माझी मुलगी सुमेधा मलावीहून तीन आठवड्यांसाठी आली, आणि दीड वर्ष आमच्या सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्सच्या घरात अडकली. आली तीसुद्धा पाठीवर एक सॅक घेऊन. म्हटलं, "भावाच्या लग्नाला आलीस की डोंगर चढायला?" तर म्हणते, "परत जाताना वर्गासाठी पाट्या न्यायच्यात आई, वजन नको." लग्नात साडी माझी नेसली, ब्लाउजला टाचण्या लावून.

लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात करोनाने सगळं बंद. बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हते, ते समजलं. पण आतल्यांनाही बाहेर सोडत नव्हते. असं मी तुरुंगाशिवाय दुसरीकडे ऐकलं नव्हतं. या देशाची नागरिक ना ती, मग सरकारची परवानगी असल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही. तिने अर्ज केला. नाही म्हणाले.

मी प्रभूचे आभार मानले. मनात मानले. मोठ्याने मानायची सोय नव्हती, कारण ब्लॅकटाउनच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत मी मिशनरीची आई. नऊ वर्षांपूर्वी ती शाळेतली पक्की नोकरी सोडून निघाली तेव्हा पाळकसाहेबांनी मला तिच्या शेजारी उभं केलं आणि दोघींच्या डोक्यावर हात ठेवले. त्या दिवसापासून पहिल्या बाकावर कडेची जागा माझी. तिथे बसून "माझी पोर परत द्या" कसं म्हणणार? पण देवानेच दार लावलं तर त्याला मी काय करू!

तिचं काम सांगते. तिकडे मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव आहे. मका पिकवायचा आणि सुकी मासळी विकायची, यात बायांचा जन्म जातो. हातात कधी पेन्सिल धरलेली नाही. त्यांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवायचं, शुभवर्तमान वाचण्याइतकं. आणि त्यांच्यातल्या ज्यांना कणा आहे त्या निवडून तयार करायच्या. वर्ग त्यांनी चालवायचा, प्रार्थना त्यांनी सांगायची, गावच्या बैठकीत उभं राहून बोलायचं. पुढारी घडवायच्या, असं ती म्हणायची. म्हटलं, "पुढारी? आमच्या नगरकडे पुढारी आला की लोक आधी खिसा चाचपतात."

या पुढाऱ्यांत पहिली फिबी. पवित्र शास्त्रातलं नाव, पण बाई मासळी विकणारी, विधवा. सुमेधाने तिला अक्षरापासून शिकवलं आणि निघताना वर्ग तिच्या हाती दिला, तीन आठवड्यांपुरता.

घरात जागा नव्हती म्हणून सुमेधा गॅरेजमध्ये राहायची. पेंटचे डबे, यतिनची सायकल आणि ती. संध्याकाळी फिबीला व्हॉइस मेसेज करायची. उद्याचा धडा कसा घ्यायचा, कोणाला फळ्यापाशी बोलवायचं, कोण लाजते, कोणाला रागवायचं नाही. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. भाषा कळत नव्हती, पण आवाज कळायचा. आमच्याशी त्या आवाजात ती कधी बोलली नाही.

मी गप्प बसणारी बाई नाही. म्हटलं, "तुमची मिशनच शिकवते ना, शिकवणाऱ्याने अशी माणसं तयार करावीत की त्याची गरजच उरू नये? मग झालं की तुझं काम. आता इकडे बघ. अडतिशी गाठलीस. आपल्या मंडळीतला अजित आहे, बायको वारली, ब्लॅकटाउनला स्वतःचं घर आहे."

"त्याला बायको नकोय आई, स्वयंपाकीण हवीय."

"मग घाबरतेस कशाला? तुला कुठे स्वयंपाक येतो!"

हसली. त्या दिवसांत हसणं एवढंच.

दुसरं वर्ष उजाडलं ते माणसं न्यायलाच. नगरला माझा भाऊ गेला. त्याला प्लास्टिकच्या पोशाखातल्या परक्या पोरांनी माती दिली आणि मी ते यतिनच्या फोनवर पाहिलं, भाजी चिरत असल्यासारखी टेबलाशी बसून. मग इथला लॉकडाउन पुन्हा कडक झाला. आमच्या भागावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. सून तेजश्री वेस्टमीडच्या हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगा झाला. मला काचेतूनसुद्धा बघायला मिळाला नाही, घरी आल्यावरच पाहिला.

आणि तिकडे फिबीचे निरोप कमी व्हायला लागले. आधी रोज यायचे, मग आठवड्याने, मग तेही नाही. सुमेधाची झोप उडाली. "वर्ग बंद पडलाय आई. ती सांगत नाहीये. बायका पांगल्या असणार, नऊ वर्षं गेली." आणखी एक अर्ज, पुन्हा नकार. पुढच्या अर्जाला ती इतकी मेहनत घेत होती की जेवायला बोलवायला मी तीनदा जायची.

तो मंजूर झाला.

मी भाकरी थापत होते. ती फोन घेऊन ओट्यापाशी आली. "आई, मिळाली."

"बाजूला हो, भाकरी करपेल."

"आई, सप्टेंबर संपायच्या आत निघायचंय."

"गेलीस तर परत येऊ देतील का?"

"माहीत नाही."

"मी मेले तर फोनवर बघशील? मामाला बघितलं तसं?"

तिने तोंड फिरवलं नाही. "हो आई. बघेन."

मी भाकरी उलटली. माझी पोर आहे, हे त्या क्षणाला पटलं, आणि त्याचाच राग आला.

तिने त्याच संध्याकाळी फिबीला कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमधून बाहेर आली ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "तू बोललीस ना फिबीशी? पाळकसाहेबांच्या मार्फत निरोप पाठवलास ना?"

"कसला निरोप?"

"ती म्हणते, येऊ नकोस."

मी लसूण सोलायची थांबले. "सुमेधा, मला निरोप्या लागत नाही. मला जे बोलायचं ते मी तोंडावर बोलते, आणि तुझ्या तोंडावर नऊ वर्षं बोलतेय. शास्त्रावर हात ठेवू?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. तिला पटलं, ते जास्त वाईट झालं. मीच केलेलं असतं तर तिला माझ्याशी भांडून निघता आलं असतं.

मग मलाच राग चढला. माझ्या मुलीला नको म्हणणारी ही कोण? रक्ताचं पाणी केलं हिने तुमच्यासाठी. म्हटलं, "लाव फोन. तोंड दिसेल असा लाव."

तिने गॅरेजमध्ये नेऊन फोन लावला. फिबी दिसली. माझ्या कल्पनेत धिप्पाड बाई होती. ही काटकुळी, डोक्याला फडकं, मागे विटांची भिंत. मी सुरू केलं. खाल्ल्या अन्नाला जागा म्हटलं, उपकार विसरणाऱ्याचं काय होतं ते सांगितलं. सुमेधाने दोन शब्दांत भाषांतर केलं.

"मी एवढं बोलले आणि तू इतकंच सांगितलंस?"

"त्यांच्या भाषेत तेवढंच होतं."

फिबीला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. ती हसली, मला "अमायी" म्हणाली. तिकडे आईला असं म्हणतात. मग ती बराच वेळ बोलली. सुमेधा भाषांतर करेना. हळूहळू पेंटच्या डब्यावर बसली.

"अगं काय म्हणतेय ती?"

सुमेधाने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. सुमेधा इकडे अडकल्यावर तिकडे बायका यायच्या, पण आत बसायच्या नाहीत. चर्चच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघायच्या. टीचर येईल, मग शिकू. फिबीने फळ्यावर लिहिलं तर कोणी मान वर करायचं नाही. ही कालपर्यंत आपल्याबरोबर मासळी विकत होती, हिच्याकडून काय शिकायचं? शेवटी सात-आठ जणी उरल्या. तेव्हा फिबीने एका रविवारी उभं राहून सांगितलं, टीचरचं लग्न झालं. तिकडेच, सिडनीला. आता ती येणार नाही.

"लग्न?" मी म्हणाले.

"बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. गाणी म्हटली. पुढच्या आठवड्यापासून आत येऊन बसायला लागल्या."

आता वर्गात जागा पुरत नाही. ज्या शिकल्या त्यांनी पलीकडच्या गावात दुसरा वर्ग काढला. गावच्या बैठकीत फिबीला खुर्ची मिळते, आणि ती खुर्ची कधी रिकामी होते याकडे चार पुरुष डोळे लावून बसलेत. सुमेधा सॅक घेऊन एकटी उतरली तर फिबी खोटी पडणार. म्हणून तिला बोलता येत नव्हतं. म्हणून निरोप कमी झाले.

"दुसरं कारण सापडलं नाही हिला? आजारी आहे म्हणायचं!"

सुमेधाने विचारलं. फिबीचं उत्तर आलं, "आजारी म्हटलं असतं तर बरी होण्याची वाट बघत बसल्या असत्या." मग ती माझ्याकडे वळली. "अमायी, तुम्हीच सांगा. बाई कशासाठी गेली की लोक तिची वाट बघायचं सोडतात?"

या बाईला मी उत्तर देणार नव्हते. पण दिलं. "लग्नासाठी."

सुमेधाने ते भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती.

फोन ठेवता ठेवता फिबी आणखी काहीतरी घाईघाईने बोलली. सुमेधाचा चेहरा पांढरा पडला.

"काय गं?"

"मला मुलगा झालाय, असंही तिने सांगितलंय. दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करतात. फोटो मागतायत. फिबी म्हणते, किती दिवस टाळू?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. आई, खोटं बोलू नका ही आज्ञा मी त्यांच्याकडून फळ्यावर लिहून घेतलीये. माझ्या हाताने मी खोटा फोटो पाठवू?"

नऊ वर्षं मी तिला परत ये म्हणत होते. आता ती परत आली होती, पण मला हवी होती तशी नाही.

बुधवारच्या प्रार्थनेला पाळकसाहेब झूमवर म्हणाले, "सुमेधाताईंना परवानगी मिळाली, देवाची स्तुती असो." सगळ्यांनी आमेन म्हटलं. तिने मान खाली घातली. मीही काही सांगितलं नाही. तिकीट तिने काढलं नाही. यतिनने दोनदा विचारलं, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये दिवा लागायचा, पण आवाज यायचा नाही.

परवानगीचा महिना संपायला आला तेव्हा एका दुपारी ती तेजश्रीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. अंघोळ केलेली, केस विंचरलेले. "बाळाला पाच मिनिटं देशील?"

तेजश्री जनरीतीची पोर, एरवी चार प्रश्न विचारते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाळाचं अंग पुसलं, नवं झबलं घातलं आणि त्याला सुमेधाच्या हातात ठेवलं. "मान धरा हं ताई. अशी." एवढं दाखवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

खिडकीपाशी उजेड होता. सुमेधा बसली. बाळ असं धरलं होतं जसं काही दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिलंय. फोन माझ्या हातात.

"अशी नाही. छातीशी घे. सैल सोड खांदे." माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "जरा हस बाई. आई झालीयेस."

ती हसली. मी फोटो काढला. दुसरा काढायला सांगितला नाही.

तिने तिथेच बसून तो पाठवला. बाळाला भूक लागली, ते तोंड तिच्या कुडत्यावर घासायला लागलं, तेव्हा तेजश्री येऊन घेऊन गेली. तिकडची सकाळ होती. थोड्या वेळाने फोन वाजायला लागला, थांबेचना. व्हॉइस मेसेज नव्हते. लिहिलेले होते. बाया आता एकेक अक्षर शोधून टाइप करतात म्हणाली. ती वाचत गेली, ओठ हलवत, वर्गात वही तपासावी तशी.

"काय लिहितायत?"

"एकीने नाव विचारलंय. एकजण म्हणते, मका निघाल्यावर पीठ पाठवू." ती थांबली. "बाकीच्या सगळ्या एकच विचारतायत. दूध पुरतं का."

मी पदराला हात पुसले. हात ओले नव्हते.

"आणि?"

"आणि काय! उत्तर द्यायला हवं. त्यांनी लिहिलंय. लिहिलेल्याला उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी लिहिणार नाहीत."

ती उत्तरं लिहायला लागली. एकदम सगळ्यांना नाही, एकेकीला नाव घालून. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, अक्षरं इंग्रजीसारखी, मला न कळणारी.

"काय लिहितेस?"

"पुरतं, असं," ती म्हणाली, आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.