रिकामं जातं

खोटं बोलायचं असलं की उल्हास ताटाकडे बघून बोलायचा, हे मनोरमाबाईंना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. पाचवीत गणिताचा पेपर लपवला तेव्हा तो आमटीशी बोलला होता. आता बावन्न वर्षांचा झाला, कंपनीत मोठा साहेब झाला, मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं, तरी तऱ्हा तीच. गेले चार दिवस जात्याचा विषय निघाला की हा पोळीशी बोलत होता.

"येईल गं आई जातं. गोडाउनमध्ये सेफ आहे. बोलतो मी कुणाशी तरी."

"कुणाशी तरी म्हणजे? आधी माझ्याशी बोल. वर बघून."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. वाजला की त्यानं वाजवला, देव जाणे. उठून गॅलरीत गेला तो गेलाच, आणि पोळी ताटात तशीच राहिली.

"आजी, रिलॅक्स," केया म्हणाली. लग्न तिचं, पण घाई दुसऱ्याच कुणाची असावी असं तिचं वागणं. "हळद मिक्सरमध्ये करू ना. हू विल नो?"

"हळदीला कळेल," मनोरमाबाई म्हणाल्या.

सून अनुराधा मान खाली घालून भात वाढत राहिली. तिला सासूची बाजू कळत होती. तिची स्वतःची हळद त्याच जात्यावर दळलेली. खुंट्याला हिरव्या खणात सुपारी नि हळकुंड बांधून, पाच सुवासिनींनी ओव्या म्हणत. त्याआधी मनोरमाबाईंच्या तिन्ही नणंदांची, आणि त्याही आधी सासूच्या घरातल्या किती जणींची, त्याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. मालक गेल्यावर एक्याण्णव साली मनोरमाबाई मुलाकडे दुबईत आल्या, तेव्हा त्यांनी सोनं बँकेत ठेवलं आणि जातं बोटीनं आणलं. बंदरावरच्या माणसानं विचारलं होतं, हे काय आहे? तिसरीपर्यंत शिकलेल्या या बाईनं ताठ उभं राहून सांगितलं, "मशीन. बिजली नको, गॅस नको, गॅरंटी जन्माची."

तेच जातं कंपनीच्या कामी आलं. त्र्याण्णव साली उल्हासच्या कंपनीनं शारजाच्या रस्त्यावरच्या गुलशन पार्कात स्वतःच्या मालाची जाहिरात म्हणून खेळ उभारायला घेतले. तीन मजली वॉशिंग मशीन, त्यात पोरं गरगरा फिरायची. टोस्टर, त्यातून पोरं वर उडायची. फ्रिजची गुहा, आत खोटे पेंग्विन आणि खरी थंडी. सगळ्यात मोठा मान ‘होम ऑफ टुमारो’चा. त्यात खुर्च्यांसकट माणसंच हळूहळू फिरायची आणि एकेका देशाचं स्वयंपाकघर समोर यायचं. आधी जुनं घर, कष्टाचं. मग दिवे चमकले की जमिनीतून कंपनीचं यंत्र वर यायचं आणि सगळे हसायचे. हिंदुस्थानी घरात जात्यावर दळणारी आजी हवी होती. बाहुली मनोरमाबाईंच्या फोटोवरून बनवता येत होती. जातं दुबईत एकच होतं, करामातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

मनोरमाबाईंनी ते हळदकुंकू लावून दिलं. मालक असतानाचं, पेटीत जपलेलं हिरवं लुगडंही बाहुलीसाठी दिलं. अटी दोनच घातल्या. घरात कार्य निघालं की जातं परत. आणि रिकामं जातं फिरवायचं नाही. दाणा नसताना जातं फिरलं की घराची बरकत जाते, माणसं एकमेकांना दळायला लागतात, हे त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी उल्हासला सांगितलं.

"हो आई," उल्हास म्हणाला होता. तेव्हाही तो चहाच्या कपाकडे बघत होता. मोठ्या कामाचं टेन्शन असेल, असं त्यांना वाटलं.

पहिल्या दिवशी त्या पुढच्या रांगेत बसल्या. पंधरा दिरहमचं तिकीट, म्हणजे सव्वाशे रुपये, आणि त्यांना फुकट! अंधारात त्यांचं लुगडं नेसलेली आजी जातं फिरवत होती. "फिरतंय की रे!" त्या दचकून म्हणाल्या. "अगं, वरची तळी उचलून धरलीय," उल्हास कानाशी पुटपुटला, "दगडाला दगड लागत नाही. इंजिनियरची करामत." मनोरमाबाईंनी विश्वास ठेवला. विमान उडवणाऱ्यांना एक तळी उचलून धरणं काय अवघड? मग वर्षभर त्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगत होत्या, "शारजात आमचं जातं बघायला अरब येतात."

त्याला दहा वर्षं झाली. आणि शुक्रवारी सकाळी केयानं पेपर वाचता वाचता सहज सांगितलं, "पप्पा, तुमचं ते होम ऑफ टुमारो उद्यापासून पाडतायत. सो सॅड."

मनोरमाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"गोडाउनमधलं जातं वाचेल ना रे?"

उल्हास कपाकडे बघत म्हणाला, "हो हो. ते तर..."

"गाडीची किल्ली घे."

"आई, आज जुम्मा आहे, पार्क दुपारशिवाय उघडत नाही—"

"मग दुपारी. तोवर मी चप्पल घालून बसते."

आणि खरंच दारापाशी खुर्ची टाकून, चप्पल घालून, त्या दोन वाजेपर्यंत बसल्या.

शुक्रवार म्हणून शारजाचा रस्ता मोकळा होता. उल्हासला मात्र आज नेहमीचा दोन तासांचा जॅम हवा असेल, हे आईला त्याच्या गाडी चालवण्यावरून कळत होतं. एरवी एकशेवीसनं जाणारा माणूस डावीकडची वेगाची लेन सोडून ट्रकांमागून चालला होता.

पार्काचं फाटक अर्धं उघडं होतं. वॉशिंग मशीनचा पांढरा रंग उन्हानं पिवळा पडून सोलपटला होता, दारावरच्या काचेला चिकटपट्ट्या होत्या. टोस्टरचं एक बटण कुणीतरी कधीच काढून नेलेलं. फ्रिजच्या गुहेच्या दारात एक पेंग्विन आडवा पडला होता, चोच तुटलेली. कंपनीनं हल्ली नवी मॉडेलं टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली होती. इकडे कोण बघतंय?

"गोडाउन कुठलं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

उल्हास थांबला. "आई, जातं गोडाउनमध्ये नाही. आत आहे. जिथं होतं तिथंच."

"मग गोडाउन कशाला बांधलंस चार दिवस?"

उल्हास पुढं होऊन आतलं दार ढकलायला लागला.

आत दिवे लागले होते. खेळ चालवणारा हारुन नुकताच नमाज पढून आला होता. मुलतानकडचा, साठीला टेकलेला माणूस, पहिल्या दिवसापासून इथलाच. उल्हाससाहेबांना बघून त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली, आणि त्यांच्यामागच्या म्हातारीकडे बघत राहिला. मग बाहुलीकडे बघितलं. मग परत म्हातारीकडे.

"अम्माजी, ये आप हो," तो म्हणाला.

"मी इतकी वाळलेय का रे?" मनोरमाबाई म्हणाल्या. पण बाहुलीजवळ गेल्यावर त्यांचा आवाज उतरला. हिरवं लुगडं वाळलेल्या गवताच्या रंगाचं झालं होतं. एक डोळा अर्धा मिटलेला. डोक्यावरचा पदर घसरून मागं पडला होता. त्यांनी तो नीट डोक्यावर ओढून दिला, जसा एखाद्या आजारी बाईला देतात. मग गुडघे धरत जात्यापाशी बसल्या.

कडेचा टवका जागच्या जागी होता. सासूच्या हातून मुसळ पडून उडालेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग जात्याच्या तोंडात बघितलं आणि तशाच राहिल्या. मध्ये खुंट्याएवढा लोखंडी दांडा होता. वरच्या तळीतून खालच्या तळीत, खालच्या तळीतून फळीत, फळीखाली मोटारीत.

"खालच्या तळीला आरपार भोक आहे," त्या म्हणाल्या.

"आई—"

"कुणी पाडलं?"

"ड्रिलनं. जर्मन इंजिनियर होता. फायबरचं नकली जातं यायचं होतं, ते वेळेत आलं नाही. नॅशनल डेला ओपनिंग. मी विचार केला, नंतर सांगू. मग सांगायचं राहिलं."

"दहा वर्षं?"

"पुण्याहून नवीन मागवलंय. अगदी सेम. सोमवारी येईल. मला वाटलं, तुला..."

"मला वाटलं, म्हातारी ओळखणार नाही." मनोरमाबाईंनी त्याचं वाक्य पुरं केलं. "म्हणजे माझ्या नातीची हळद तू एका परक्या दगडावर दळवणार होतास, आणि ओव्या मी म्हणणार होते."

उल्हास जमिनीकडे बघत होता.

"आता एकच विचारते. तळी उचललेली नव्हती ना? दगडाला दगड लागत होता?"

"लागत होता."

"आत दाणा घालत होतात?"

"शोमध्ये कोण घालणार, आई? दिवसाला वीस शो."

मनोरमाबाईंना हिशोब येत नव्हता. वीस वेळा दिवसाला आणि दहा वर्षं, एवढं मात्र त्यांना बोटांवर न मोजता कळलं. घरातली चार माणसं आठवली. चौघांच्या जेवणाच्या चार वेळा, चार वेळा कुंऽऽ करणारा मायक्रोवेव्ह. केयाच्या खोलीचं बंद दार. अनुराधाचं न बोलणं. पोळीशी बोलणारा मुलगा. बरकत अशीच जात असेल, त्यांना वाटलं, वाजतगाजत नाही जात. भोक पडलेलं एक वेळ चाललं असतं. रिकामं फिरलेलं जातं कार्याला चालत नाही. ते नदीत सोडायचं. इथं तर नदीही नाही.

त्या उठायला लागल्या. "चल. राहू दे."

"अम्माजी," हारुन म्हणाला. "एक मिनट."

तो पडद्यामागं गेला आणि दुधाच्या पावडरीचा जुना डबा घेऊन आला. झाकण काढून त्यानं डबा त्यांच्यासमोर धरला. आत गहू होते.

"खाली कभी नहीं चलाया," तो म्हणाला. "कसम से. पहले ही दिन पत्थर चीखने लगा. मेरी माँ कहती थी, खाली चक्की मत घुमाओ, घर का रिज़्क, बरकत, सब उठ जाता है. मैंने दफ़्तर से गेहूँ माँगा, साहब लोग हँसे. फिर मैं रोल्ला के बाज़ार से खुद लाता रहा. हर शो में एक मुट्ठी."

उल्हासनं पहिल्यांदा मान वर केली. "किधर डालते थे? मैंने तो कभी नहीं देखा."

"आप सामने बैठते थे, साहब," हारुन शांतपणे म्हणाला. "मैं पीछे होता था."

मनोरमाबाईंनी विचारलं, त्यांच्या मोडक्या हिंदीत, "और आटा? उसका क्या किया?"

हारुन थोडा लाजला. "जुम्मे को रोटी. हम पाँच-छह आदमी हैं यहाँ. थोड़ी-सी किरकिर आती है, पर..." त्यानं बाहुलीकडे बोट केलं. "कहते थे, आज अम्मा के हाथ की रोटी है."

कोपऱ्यात स्टुलावर कापडात गुंडाळलेल्या रोट्या होत्या, आजच्याच. मनोरमाबाई तिथपर्यंत चालत गेल्या. उभ्या आयुष्यात ज्या बाईनं हॉटेलातलं पाणी घेतलं नव्हतं, तिनं कापड सोडलं, एका रोटीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. दाताखाली बारीक दगड लागला. ती चव ओळखीची होती. सासरी पहिल्या वर्षी, दळण नीट जमत नव्हतं तेव्हा, त्यांच्या भाकरीला अशीच किरकिर यायची आणि सासू मुकाट्यानं खायची.

त्यांनी तुकडा पुरा खाल्ला. पदरानं तोंड पुसलं. मग डोळेही, पण ते सगळ्यांकडे पाठ करून.

"हारुनभाई, वो लोहा निकलेगा?"

"निकलेगा, अम्माजी. लकड़ी का खूँटा बिठा दूँगा. हाथ से चलेगी."

तो पाना घेऊन खाली वाकला. दहा वर्षांचं गंजलेलं नट सहज सुटेना. उल्हास बाजूला उभा होता, मग पुढं झाला, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुसरा पाना धरला. त्याचे हात कळकटले, शर्टाला ग्रीस लागलं. लोखंडी दांडा कर्रकर्र करत वर आला, तेव्हा भोकातून मूठभर पीठ भुरभुरत खाली पडलं. मनोरमाबाईंनी ते पदरात घेतलं.

दोघांनी तळ्या उचलून गाडीत ठेवल्या. बाहुली तशीच बसून राहिली, पुढ्यात काही नसताना, एक हात हवेत धरून. मनोरमाबाईंनी जाताना तिच्याकडे वळून पाहिलं आणि लुगडं काही परत मागितलं नाही.

गाडीपाशी उल्हास म्हणाला, "आई, पुण्याचं कॅन्सल करतो. आणि... मी काय करू, सांग." हे त्यानं बॉनेटकडे बघत विचारलं.

मनोरमाबाईंनी त्याची हनुवटी धरली, पाचवीतल्या पोराची धरावी तशी, आणि वर केली.

"सांगते. हारुनभाईला कार्याला घरी बोलवायचं, पत्रिका घेऊन, तू स्वतः. जात्यात पहिली मूठ तो घालेल. मंडळातल्या बायका नाकं मुरडतील, त्यांचं मी बघते. आणि हळद पाच सुवासिनी नाही दळणार, तू दळणार. मांडी घालून, लोकांदेखत, शेवटचं हळकुंड संपेपर्यंत. दहा वर्षं मोटारीकडून फिरवलंस, आता तुझ्या हातानं फिरव. हात भरून आले तर भरू देत. आणि उल्हास, दळताना जात्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."